दुसऱ्यांदा विचारू नये

साखळबेटांच्या प्रजासत्ताकात कुणालाही काहीही विचारायची मुभा होती, पण एकदाच. "चहा घेणार?" असं विचारलं आणि पाहुणा "नको" म्हणाला की विषय मिटला. "अहो घ्या हो, अर्धा कप!" असं कुणाच्या तोंडून निघालंच तर तो आग्रह झाला, आणि आग्रह हा तिथल्या घटनेच्या पहिल्या पानावरचा गुन्हा होता.

बाहेरच्यांना हे ऐकून हसू यायचं. पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बेटकरांचे आईबाप मूळचे किनाऱ्यावरचे. समुद्र वर चढू लागला तेव्हा त्यांच्या उरल्यासुरल्या जमिनी मागायला गोड बोलणारी माणसं आली. लोक "नाही" म्हणाले. माणसं पुन्हा आली. पुन्हा "नाही" म्हटलं तर मिठाई घेऊन आली. शेवटी कुणी कंटाळून, कुणी भिडेखातर, कुणी 'दारात आलेल्याला किती वेळा रिकाम्या हातानं पाठवायचं' म्हणून "हो" म्हणून बसला, आणि गावंच्या गावं उठली. पुढे त्याच लोकांनी समुद्रावर तरंगती बेटं उभारली, ती तळाशी साखळदंडांनी बांधली, आपलं राज्य केलं आणि त्याचं पहिलं कलम लिहिलं: नकार मिळाल्यावर दुसऱ्यांदा विचारू नये.

कायदा चांगलाच होता. फक्त ज्यांच्यासाठी केला ती माणसं मराठी होती, त्याला कोण काय करणार! आपल्यात पहिलं "नको" म्हणजे नकार नसतोच. ते नुसतं लोटून घेतलेलं दार असतं, कडी काही लावलेली नसते. समोरच्यानं पुन्हा विचारावं, मग आपण "बरं बाई, तुमचा आग्रहच आहे तर" म्हणून हात पुढे करावा, ही आपली रीत. त्यामुळे पहिल्या पिढीतली कितीतरी मंडळी लग्नाच्या पंगतीतून अर्धपोटी उठली. वाढपी येऊन "जिलबी?" विचारायचा, मंडळी सवयीनं "नको नको" करत पानावर हात आडवा धरायची, आणि वाढपी कायद्याला धरून पुढच्या पानाकडे सरकायचा. आडवा धरलेला हात मग हळूच मांडीवर यायचा.

केतकी मयेकरच्या बाबतीत गेली ती नुसती जिलबी नव्हती.

केतकी तेव्हा पस्तिशीच्या आतबाहेर होती. समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात नोकरी करायची. तिचा आवाज मात्र सगळ्या बेटावर ठाऊक होता. कारखान्याच्या भोंग्यावरून ती पाण्याच्या वेळा सांगायची तेव्हा लोक हातातलं काम थांबवून ऐकायचे. एके दिवशी सागरी रेडिओचे प्रमुख घरी आले. वादळाच्या सूचना होड्यांना सांगण्यासाठी त्यांना आवाज हवा होता.

"बाई, घाबरलेल्या माणसाला धीर वाटेल असा आवाज आहे तुमचा," ते म्हणाले. "हे काम कराल का?"

केतकीला इतका आनंद झाला की तिला आपलीच छाती धडधडताना ऐकू आली. आणि तोंड म्हणालं, "छे हो, मला कुठलं जमायला! नको."

गृहस्थ सज्जन होते. "बरं," म्हणाले, चहा संपवला, नमस्कार करून गेले. केतकी दारात उभी राहिली. वळणावर थांबतील, मागे बघतील, असं तिला वाटत होतं. दिवेलागण झाली तरी ती तिथंच होती. मागून सात वर्षांच्या ओवीनं तिचा कुर्ता ओढला.

"आई, तुला हवं होतं ना ते?"

"असू दे गं. चल, भात लावायचाय."

ओवी आईमागून आत गेली. पण काही मुलं आईचं दुःख खेळण्यासारखं उचलून आपल्या खणात ठेवतात आणि मोठेपणी त्याचं काहीतरी करून दाखवतात. ओवी त्यांतली होती. ती शिकली, सरकारच्या विचारणा खात्यात शास्त्रज्ञ झाली आणि तिनं मनकवडा बनवला.

मनकवडा म्हणजे जबड्याखाली चिकटवायची एक पातळ चकती. लोक तिला टिकलीच म्हणत. तिच्यामागचं शास्त्र तसं सोपं आहे. आपण एखादा शब्द उच्चारतो त्याच्या क्षणभर आधी मेंदूकडून घशाच्या आणि जिभेच्या स्नायूंना निरोप जातो आणि तिथे विजेची अगदी क्षीण लहर उमटते. प्रत्येक शब्दाची लहर वेगळी. मनात "हो" असेल तर घसा आधी "हो"ची तयारी करतो. मग भीड आडवी येते, ती तयारी अर्धवट सोडून घसा "नको"ला लागतो. कानाला फक्त "नको" ऐकू येतं. टिकलीला मात्र आधीचा, टाकून दिलेला शब्दही कळतो. मनात आणि तोंडात एकच होकार असेल तर टिकली हिरवी होते, एकच नकार असेल तर तांबडी, आणि एक शब्द टाकून दुसरा बोलला असेल तर पिवळी. या पिवळ्याला बेटकर 'दुमत' म्हणत.

मनकवडा आला आणि सगळी बेटं सुखावली. पंगतीत पिवळी टिकली दिसली की अर्धी जिलबी वाढावी, असा नियमच निघाला. मुलगी बघायला गेलेल्यांना खरं काय ते दारातच कळू लागलं. सरकार कुठलाही कायदा करण्याआधी लोकांना विचारायचं आणि टिकल्या मोजायचं, त्यामुळे भाषणबाजी बंद पडली. ओवीचं नाव घराघरांत गेलं. केतकी बाजारात गेली की लोक म्हणत, "ओवीताईंची आई ना तुम्ही?" आणि केतकीची टिकली हिरवीगार व्हायची.

आता या राज्यात एक पद होतं नकारदाराचं. घटना लिहिणारी माणसं धोरणी होती. सगळे एकमुखानं "हो" म्हणतात तेव्हाच जास्त भ्यावं, हे त्यांना माहीत होतं. म्हणून दर वर्षी चिठ्ठी टाकून एका साध्या नागरिकाला सभागृहात बसवायचं आणि त्याला वर्षभरात एकच कायदा एका शब्दानं अडवायचा हक्क द्यायचा, असं त्यांनी ठरवलं. भाषण करायचं नाही, कारण द्यायचं नाही. सभापतींनी विचारलं की "हो" किंवा "नाही" म्हणायचं, आणि ते टिकलीला पटलं पाहिजे. हिरवी किंवा तांबडी असेल तरच शब्द धरायचा. पिवळ्या नकाराला सभागृहात किंमत नव्हती. राज्यकारभार म्हणजे काही जिलबी नव्हे.

त्या वर्षी चिठ्ठी निघाली ती केतकी मयेकरची.

सासष्ट वर्षांच्या आयुष्यात केतकीनं कुणाला धड "नाही" म्हटलेलं नव्हतं. शेजारच्या लतीफभाईंनी पेढे खाता खाता म्हटलं, "वहिनी नकारदार! आता सरकार वर्षभर पाय पसरून झोपणार." नवरा तन्मय तर इतका हसला की त्याला ठसका लागला. केतकीही हसली. तिला तरी कुठे ठाऊक होतं!

चार-आठ दिवसांत ओवी घरी आली. तिच्या हातात काळं, डब्याएवढं यंत्र होतं.

"आई, मनकवडा आता मोठा झालाय," ती म्हणाली. तिचे डोळे लहानपणी बक्षीस घेऊन यायची तेव्हा चमकत तसे चमकत होते. "इतकी वर्षं लोकांनी टाकून दिलेले शब्द त्यानं ऐकलेत. कोण कशाला काय म्हणेल हे आता त्याला आधीच कळतं. पिवळं काही उरतच नाही. मग विचारायचंच कशाला? माणसाला भिडेत टाकायचंच कशाला? जे हवंय ते सरळ समोर यावं. मौनसंमतीचं विधेयक आणतेय मी, माणसाला न विचारता यंत्राचंच उत्तर धरायचं. आधी काही घरांत प्रयोग करायचाय. पहिलं घर आपलं."

"अगं पण—"

"तुला हवंय, आई. हे बघ, यानं सांगितलंय मला." ओवीनं यंत्राचा हिरवा दिवा दाखवला आणि ते भिंतीवर लावून टाकलं.

खोटं नव्हतं ते. लेकीची वस्तू घरात लागावी असं केतकीला वाटतच होतं.

यंत्रानं घरातल्या साऱ्या वस्तूंना कामाला लावलं आणि पहिले काही आठवडे सणासारखे गेले. जेवणात सुरमईच्या मधल्या तुकड्याची डिश केतकीसमोर येऊन थांबू लागली. लग्नापासून तिनं शेपटाकडचा तुकडा घेतला होता, आणि तिला तोच आवडतो अशी घरात सगळ्यांची पक्की समजूत होती.

"म्हणजे तुला मधला आवडतो?" तन्मय घास हातात धरून बघतच राहिला. "इतकी वर्षं मीच खात आलो की गं!"

"खा रे, त्यात काय," ती म्हणाली, पण तिचे डोळे भरून आले होते. कुणीतरी आपल्या आतलं इतकं बारीकसारीक पाहिलं, याचंच तिला अप्रूप वाटलं. तिला हवी ती खिडकी उघडायची, नको ते पाहुणे परस्पर दुसऱ्या दिवसावर जायचे. चहात साखर तिच्या मनासारखी. घर कसं मनकवडं झालं होतं.

आणि हळूहळू घर गप्प झालं.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी बांधावरून चक्कर मारायला निघताना तन्मय विचारायचा, "येतेस?" केतकी म्हणायची, "नको, तू ये जाऊन." दुसऱ्यांदा विचारायला कायद्याची बंदी, म्हणून हा गृहस्थ चपला शोधत बसायचा. चपला पायाशीच असायच्या. मग टोपी सापडायची नाही. मग तो दारात उभा राहून आभाळाकडे बघत "वारा छान सुटलाय हं" असं कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणायचा. असा त्यानं बराच वेळ काढला की केतकी "आलेच, थांब" म्हणून उठायची. बेटावरच्या सगळ्या नवऱ्या-बायकांनी कायद्याच्या डोळ्यांत अशी आपापली धूळ फेकायला शिकून घेतलं होतं, आणि संसार त्यावरच चालले होते.

आता यंत्र तन्मयला आधीच सांगायचं, आज केतकीला यायचं नाही. तो पटकन चपला घालून निघून जायचा. यायचं असेल त्या दिवशी तिच्या चपला दाराशी मांडलेल्या असायच्या. तो "चल" म्हणायचा आणि दोघं निघायची.

"मला विचारत जा ना," ती एकदा बांधावर म्हणाली.

"काय विचारू?"

"येतेस का, म्हणून."

"पण तू आलीच आहेस की," तन्मय गोंधळून म्हणाला. त्याचं तरी काय चुकलं होतं? ती आली होती, तिला यायचं होतं, यंत्रानं काही चूक केली नव्हती. केतकीला स्वतःचाच राग आला. सुख दुखायला लागलं की काय आपल्याला, असं तिला वाटलं.

मग वादळाचे दिवस आले. एका सकाळी ती ओट्याशी भाकऱ्या थापत होती, आणि तन्मयनं नेहमीसारखा सागरी रेडिओ लावला.

"सर्व होड्यांना सूचना. पश्चिमेकडून वारा वाढतो आहे. घाबरू नका, पण परत फिरा. बंदरातले दिवे लावून ठेवले आहेत."

तो आवाज तिचा होता.

पिठाचे हात तसेच धरून ती उभी राहिली. आवाज तिचा, ठेका तिचा, 'घाबरू नका'मधला जरासा लांबवलेला 'रू' तिचा. फक्त ते शब्द ती कधी बोलली नव्हती. तन्मयनं आवाज मोठा केला, खिडकीत जाऊन लतीफभाईंना हाक मारली. तव्यावरची भाकरी करपली.

ओवीचा फोन लगेच आला. "ऐकलंस? आई, ऐकलंस ना? तुझ्या जुन्या भोंग्याच्या ध्वनिफितींवरून आवाज घडवला. रेडिओनं मनकवड्याला विचारलं, त्यानं क्षणात होकार दिला. इतका हिरवा होकार मी आजवर पाहिला नाही! आई, मी लहान असल्यापासून मला हे तुझ्यासाठी करायचं होतं."

ओवी रडत होती. केतकीच्या तोंडाशी दुसराच शब्द आला आणि परत गेला. "छान झालंय गं," ती म्हणाली. फोनवर टिकली दिसत नाही, हे बरं झालं.

दिवसभर बेटावरचे लोक येऊन तिचं अभिनंदन करून गेले. सगळे गेल्यावर ती तन्मयजवळ येऊन बसली.

"माझी एवढी मोठी इच्छा पुरी झाली," ती म्हणाली, "आणि मला कुणी विचारलं नाही."

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस ना?"

"म्हणाले असते."

"मग?"

"मग ते 'हो' मी म्हणायचं होतं रे. तेवढंच तर माझ्या वाट्याचं होतं. आधी 'नको' म्हणाले असते, लाजले असते, दोन दिवस झोप लागली नसती, तुला दहा वेळा विचारलं असतं 'करू का, जमेल का'. तू वैतागला असतास. आणि मग 'हो' म्हणाले असते. ते सगळं कुणीतरी माझ्या हातून काढून घेतलं आणि वर माझ्याच आवाजात बोललं." ती थांबली. "त्या रेडिओवाल्या गृहस्थानं दुसऱ्यांदा विचारलं नाही, त्याचं वाईट वाटलं होतं मला. पण निदान एकदा तरी विचारलं होतं त्यानं."

तन्मयनं रेडिओ बंद केला. मग त्यानं विचारलं, "विधेयक येतंय ना गं पुढच्या आठवड्यात?"

"हो."

"ओवीचा जीव आहे त्यात."

"माहीत आहे मला," केतकी म्हणाली. एका शब्दानं थांबवायचा हक्क तिच्या हातात होता, आणि थांबवायचं काय, तर आपल्या दुःखावर लेकीनं आयुष्यभर बसून शोधलेलं औषध. हा विचार करवत नव्हता आणि टाळताही येत नव्हता.

विधेयकाच्या आदल्या दिवशी ओवी जेवायला आली. नकारदाराला त्याच्या निर्णयाबद्दल कुणी काही विचारायचं नाही, घरच्यांनी तर मुळीच नाही, असा नियम होता. म्हणून तिघं हवापाण्यावर बोलली. केतकीनं सोलकढी केली होती. ओवी वाटी ओठाला लावून मधेच आईकडे बघायची आणि नजर काढून घ्यायची. निघताना तिनं आईला मिठी मारली आणि जरा जास्त वेळ तशीच राहिली. केतकीला लेकीच्या केसांत पहिले पांढरे केस दिसले. उद्या हिचं तोंड कसं बघू, असं तिच्या मनात आलं.

सभागृह गच्च भरलं होतं. मौनसंमतीच्या बाजूनं जवळजवळ सगळी बेटं होती. मोजलेल्या टिकल्या भिंतीवर हिरव्या शेतासारख्या पसरल्या होत्या. मांडणाऱ्यांच्या बाकावर ओवी ताठ बसली होती. सभापती हमीदा मुकादम उठल्या. वयानं मोठ्या, बोलायला मऊ, पण नियमाला पक्क्या.

"नकारदार केतकी मयेकर, हा कायदा आपल्याला मान्य आहे का?"

केतकी उभी राहिली. एवढ्या माणसांसमोर, एवढ्या मोठ्या गोष्टीला, आणि तेही पोटच्या पोरीला 'नाही' म्हणायचं. तिनं ओवीकडे बघितलं आणि तिथंच चुकलं. बाकावर शास्त्रज्ञ नव्हती, कुर्ता ओढणारी सात वर्षांची पोर होती.

"नाही," केतकी म्हणाली.

टिकली पिवळी झाली.

सभागृहात कुजबुज उठली. हमीदाबाईंनी टिकलीकडे पाहिलं, एकदा डोळे मिटले आणि उघडले. त्यांनाही वाईट वाटलं असावं. पण त्यांच्या हातात काही नव्हतं.

"नकारदारांचं दुमत दिसतं. दुमताचा नकार सभागृहाला धरता येत नाही, आणि घटनेप्रमाणे मला पुन्हा विचारता येत नाही. सबब हे विधेयक—"

"सभापतीबाई, थांबा."

ओवी उभी राहिली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. आईच्या जबड्याखालच्या पिवळ्या ठिपक्याकडे ती एकटक बघत होती. टाकून दिलेला शब्द कोणता, हे त्या सभागृहात तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. आईच्या घशात आधी "हो" उमटला होता. कायद्यासाठी नाही. लेकीसाठी.

"आई," ती म्हणाली, "पुन्हा विचारते."

"ओवीताई!" हमीदाबाईंचा आवाज कडक झाला. "हा आग्रह आहे. आपण काय करताय हे आपल्याला कळतंय का? खातं सोडावं लागेल."

"कळतंय, सभापतीबाई." ओवीचा आवाज फुटला, पण ती खाली बसली नाही. "आई, माझ्याकडे बघू नकोस. मी जेवेन, झोपेन, माझं काही होणार नाही. मला तुझा तो 'हो' नकोय. आता सांग. तुला हे हवंय का?"

केतकीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. इतक्या वर्षांत तिला कुणी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. आणि आता विचारलं ते अशा माणसानं, ज्याचं सगळं काही तिच्या उत्तरात बुडणार होतं. तिला एकाएकी स्वस्थ वाटलं. लोटून घेतलेलं दार बाहेरून कुणीतरी ढकललं की आतल्या माणसाला खरंच ठरवता येतं, उघडायचं की कडी लावायची.

"नाही," ती म्हणाली. "मला नकोय. मला विचारा. चुकीचं उत्तर आलं तरी विचारा."

नकारदारानं एकच शब्द बोलायचा असतो. पण कुणी अडवलं नाही. तिची टिकली तांबडीलाल झाली होती.

आग्रहाची शिक्षा विचारणाऱ्याला होती, मिळालेलं उत्तर घटना बाद करत नव्हती. विधेयक पडलं. त्याबरोबर प्रयोगातल्या घरांत दिलेले सगळे मौन होकार रद्द झाले. सागरी रेडिओवरचा तो आवाज दुपारच्या आतच थांबला आणि पुन्हा कुणाचातरी घोगरा, झोपाळू आवाज वाऱ्याची दिशा सांगू लागला. आग्रहाच्या गुन्ह्याबद्दल ओवीचं पद गेलं. हमीदाबाईंनी आदेशावर सही केली, मग आपल्या आसनावरून उतरून खाली आल्या, ओवीच्या खांद्यावर हात ठेवला आणि परत वर गेल्या.

सभागृहाच्या मागच्या बाजूला समुद्राकडे उघडणारी मोकळी जागा आहे. तिथं मायलेकी कठड्याला टेकून उभ्या राहिल्या.

"का विचारलंस गं?" ती म्हणाली. "गप्प बसली असतीस तर जिंकली होतीस."

"गप्प बसले असते तर त्या रेडिओवाल्यासारखी झाले असते," ओवी म्हणाली. तिनं नाक पुसलं. "तुला काय वाटतं हे मला आधीच ठाऊक आहे, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. चुकलंच माझं. रागावलीस माझ्यावर?"

"रागावले होते," केतकी म्हणाली. तो शब्द तिच्या तोंडून इतका सहज बाहेर पडला की तिचं तिलाच नवल वाटलं. "त्या भाकरीच्या दिवशी फार रागावले होते. आणि तुझं इतकं कौतुकही वाटत होतं, की कुठलं कुठे ठेवू कळेना."

ओवी हसली आणि पुन्हा रडली. मग तिनं हात पुढे करून आईच्या जबड्याखालची टिकली अलगद काढली. आपलीही काढली. दोन्ही मुठीत धरून ती आईसमोर उभी राहिली. लेकीच्या तोंडावर असा भाव केतकीनं तिच्या लहानपणानंतर पाहिला नव्हता.

"आई, तुला काय हवंय?"

केतकीनं तोंड उघडलं आणि मिटलं. 'काही नको' हे उत्तर जिभेच्या टोकावर होतं. ते तिनं गिळलं. खाली साखळदंडांवर पाणी आपटत होतं. ती विचार करू लागली. असा विचार करायची तिला सवय नव्हती, त्यामुळे वेळ लागत होता.

"थांबशील जरा?" ती म्हणाली. "आठवून सांगते."

"थांबते," ओवी म्हणाली. आणि ती थांबली. आई काय म्हणेल, हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच ठाऊक नव्हतं.